अधिक महिन्यातला चंद्र

आमच्या घरी दुपारी बारा वाजता सूर्य मावळतो. मावळला की आई हॉलचे काळे पडदे ओढते, दाराची बेल बंद करते आणि खालच्या वॉचमनला बजावते की आता वर कुणाला सोडायचं नाही. बाहेर उन्हानं कोल्हापूर भाजून निघत असतं आणि आमच्या हॉलमध्ये स्वतःचा हात दिसत नाही. पाहुणे आलेच तर स्वयंपाकघरात दाटीवाटीनं बसतात. रात्री बारा वाजता आमच्याकडे उजाडतं, ते इतकं लख्ख की समोरच्या बिल्डिंगमधले कुलकर्णी दोनदा तक्रार घेऊन आले. दोन्ही वेळा आईनं त्यांना आंबोळी खायला घालून परत पाठवलं.

हे सगळं एका फांदीसाठी, आणि फांदी घरात आणली मी. त्यामुळे तक्रार करायची सोय नाही, तरी मी करते.

मी प्रवाळ संगोपन केंद्रात काम करते. नाव वैजयंती, हुद्दा विभागीय समन्वयक. समन्वयक म्हणजे ज्याला सगळ्यांनी फोन करायचा आणि ज्याचं कुणीच ऐकायचं नाही असा माणूस. कोल्हापूर आणि आसपासच्या तीसेक घरांत आमच्या केंद्राची प्रवाळं वाढतात, त्यातलं एक घर माझ्या आईचं. मी राहते वेगळी, पण म्हणताना आमचं घर म्हणते. आईचं नाव शालन. तिनं आयुष्यात समुद्र एकदाच पाहिलाय, तोही गणपतीपुळ्याला आणि तोंडावर रुमाल धरून, कारण तिला मासळीचा वास सहन होत नाही.

प्रवाळ म्हणजे झाड नव्हे आणि दगडही नव्हे, हे मी आजवर किती जणांना सांगितलं असेल देव जाणे. तो प्राणी आहे. तांदळाच्या दाण्याएवढे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि पाण्यातला चुना घेऊन स्वतःखाली दगडाचं घर बांधत जातात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ भाडेकरूसारखं राहतं. ते उजेडात साखर तयार करतं आणि त्यातली बरीचशी घरमालकाला देतं. पाणी जरा जास्त तापलं की हेच शेवाळ बिघडतं, विषारी द्रव्यं सोडायला लागतं, आणि वैतागून प्राणी त्याला बाहेर काढतो. मग रंग जातो, फांदी पांढरी पडते आणि खायला न मिळाल्यानं काही आठवड्यांत मरते. मालवणच्या समुद्रात लागोपाठच्या उन्हाळ्यांनी हेच झालं. मी पाण्याखाली उतरून पाहिलंय. चुन्याचं स्मशान होतं ते.

त्या सगळ्या पांढऱ्यात एकच वसाहत तपकिरी उरली होती. तिच्यातलं शेवाळ उष्णता सोसत होतं, आणि हा गुण तिच्या पुढच्या पिढीत उतरेल अशी आम्हाला आशा होती. तिची फांदी मी माझ्या हातानं तोडून वर आणली. पुढच्याच वादळात मूळ वसाहत गाळाखाली गाडली गेली. आता त्या कुळाचं जगात जे काही उरलंय, ते आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या जागी ठेवलेल्या टाकीत आहे. केंद्रात तिला एक क्रमांक आहे. आई तिला पोवळी म्हणते.

घराघरांत प्रवाळं ठेवायची वेळ का आली, तर आमच्या किनाऱ्यावरच्या मोठ्या टाक्यांत एकदा साथ शिरली आणि आठवडाभरात जवळजवळ सगळं गेलं. तेव्हा ठरलं की सगळी कुळं एका छपराखाली ठेवायची नाहीत. एलईडी दिव्यांमुळे ते शक्यही झालं होतं. जुने दिवे उजेडापेक्षा उष्णताच जास्त द्यायचे, पाणी तापवायचे. नव्या दिव्यात निळा, जांभळा, पांढरा प्रत्येक रंग वेगळा कमी-जास्त करता येतो, त्यामुळे मालवणच्या खोल पाण्यात पोचतो तेवढाच आणि तसाच सूर्य कोल्हापुरातल्या हॉलमध्ये पाडता येतो. दिव्याच्या कडेला नखाएवढा आणखी एक दिवा असतो. तो चंद्र. तो कलेकलेनं वाढतो आणि घटतो, आणि प्रवाळाला तिथी त्याच्यावरूनच कळते.

तिथी कळणं महत्त्वाचं, कारण वर्षातून एकदाच, उन्हाळ्यातल्या पौर्णिमेच्या आसपास, सूर्य मावळल्यावर दोन-तीन तासांनी प्रत्येक जीव एक गुलाबी मणी सोडतो. मण्यात बीजांडं आणि शुक्राणू दोन्ही असतात, पण स्वतःचं स्वतःला चालत नाही. दुसऱ्या कुळाच्या प्रवाळानं त्याच सुमारास मणी सोडले आणि दोघांचे तीन-चार तासांत एकत्र आले, तरच पिलं होतात. नाहीतर सगळं वाया. म्हणून प्रत्येक घराला जवळपासच एक जोडीचं घर नेमून दिलेलं. आणि बादल्या घेऊन माणसांना रात्री धावायला लागू नये म्हणून आम्ही टाक्यांतला दिवस-रात्र उलटा केला. घरातल्या माणसांचं काय होईल, याचा विचार कुणी केला नव्हता.

हे सगळं घरोघरच्या बायकांना समजावून सांगताना, प्रशिक्षणाच्या दिवशी, मी माईकवर म्हणाले, "म्हणजे हे त्यांचं लग्नच समजा." सगळ्या हसल्या. वेगळं कुळ लागतं म्हटल्यावर तर काहींनी माना डोलावल्या. मला वाटलं, वा, काय सोपं करून सांगितलं.

त्यानंतर आईनं जोडीच्या घराला व्याही म्हणायला सुरुवात केली. ते घर मगदूमकाकांचं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, विधुर, पंचांग न मानणारे आणि व्होल्टमीटर मानणारे. आई त्यांना संक्रांतीला तिळगूळ, दिवाळीला फराळ पाठवायची. तेही "विहीणबाईंना नमस्कार सांगा" म्हणून डबा धुऊन परत करायचे. माझ्या लग्नाचा विषय आईनं त्या वर्षापासून कमी केला. मी छत्तिशी ओलांडली होती, लग्न करायचं नाही हे मी शंभरदा सांगून झालं होतं, आणि आता ती म्हणायची, "तुझं नाही तर नाही. हिचं तरी करतो."

यंदा पोवळीची तब्येत उतरली. बुडाकडून पांढरी पट्टी वर चढायला लागली. हा उष्णतेचा त्रास नव्हता, फांदीच म्हातारी झाली होती. बारकी टोकं तोडून वेगळी लावायचा प्रयत्न मी दोनदा केला, दोन्ही वेळा टोकं मेली. पुढचा उन्हाळा ती बघणार नाही हे मला स्पष्ट दिसत होतं. याच वर्षी पिलं झाली तर झाली, नाहीतर ते कुळ संपलं. वैशाखातल्या पौर्णिमेला मी सुट्टी टाकली, गाळणी, पेले आणि थर्माकोल लावलेली बादली घेऊन आईकडे आले आणि अंधारात जाऊन बसले.

तास गेला. दोन तास गेले. लाल बॅटरीच्या उजेडात फांदी नुसती ढिम्म. मोबाइल लावायची सोय नाही, पंखा लावला तर पाणी हलतं. घामानं माझा कुर्ता पाठीला चिकटलेला. तेवढ्यात मगदूमकाकांचा फोन स्वयंपाकघरात वाजला, आणि आई तो कानाला लावून दारात येऊन उभी राहिली.

"काका म्हणाल्यात, त्यांच्याकडं झालं सुरू. आमची वरात तयार हाय, तुमचं काय, म्हणाल्यात."

मी पुन्हा फांदीकडे पाहिलं. आदल्या आठवड्यात मी एक टोक मोडून पाहिलं होतं, आत बीजांडं छान गुलाबी, पिकलेली होती. मग अडलंय कुठे? आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं की पौर्णिमा असून हॉलमध्ये इतका मिट्ट काळोख का आहे. इतका वेळ गाढवासारखी बसले होते आणि हे सुचलं नव्हतं.

"आई, चंद्र कुठाय?"

"असंल की."

"असेल म्हणजे? कुठाय?"

आईनं फोन उगाचच दुसऱ्या हातात घेतला.

"आई!"

"वाटीखाली."

मी बॅटरी वर केली. दिव्याच्या कडेला, चंद्रावर, स्टीलची चटणीची वाटी पालथी घातलेली होती आणि ती पडू नये म्हणून माझ्या शाळेतल्या काळ्या रिबिनीनं पक्की बांधलेली होती.

"ही केव्हापासून आहे?"

"महिना लागल्यापासनं."

"कशाला पण?"

"अधिक महिना हाय," आई म्हणाली. मी काही फारच बाळबोध विचारलंय असा तिचा सूर होता. "अधिकात लग्न कोण करतंय?"

मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. ते लग्न नाहीये, हे मी ओरडून सांगितलं. "तूच म्हणालीस की, माईकवर," आई म्हणाली. मी म्हणाले, उपमा होती ती. ती म्हणाली, "मग तसं सांगायचं न्हवं." मी म्हणाले, समुद्रातल्या प्राण्याला अधिक महिना कसा कळणार? ती म्हणाली, "त्याला न्हाई कळत. मला कळतोय. उद्या काय वाईट झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?" मी वाटी ओरबाडून काढली, पण त्याचा आता काही उपयोग नव्हता. चंद्र आठवडाभर आधीपासून वाढत गेलेला दिसावा लागतो, एकदम डोळ्यावर उजेड मारून काही होत नाही. तिकडे मगदूमकाका बादली घेऊन दोन तास आमच्या निरोपाची वाट पाहत बसले आणि शेवटी त्यांनी ती बेसिनमध्ये ओतली. मला त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "यंत्रात बिघाड होता का?" मी म्हणाले, "हो."

"अधिक सरंल, निज महिन्यात हुईल की," आई म्हणाली.

"कोणाबरोबर? काकांकडचं संपलं. एकटीनं काय करणार ती?"

आईनं माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग पदरानं वाटी पुसत आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवगडहून डॉ. उमराणींचा फोन आला. ते आमच्या केंद्राचे प्रमुख. हुशार माणूस, फक्त श्वास न घेता बोलतात.

"वैजयंती, तुमच्या विभागात जवळजवळ निम्म्या घरांत काही झालेलं नाही. निम्म्या! बाकी सगळीकडे सुरळीत. दिव्यांची अख्खी खेप खराब निघालेली दिसतेय. मी गाडी पाठवतो, ज्या घरांत झालं नाही तिथले दिवे काढून घ्या आणि प्रवाळं सगळी इकडे हलवा."

पिकलेल्या प्रवाळाला हलवलं की ते गाभ टाकतं. दिवा बदलला तरी तेच. हे त्यांनाही माहीत होतं, पण त्यांच्या हिशेबी यंदाचा हंगाम संपलाच होता. माझ्या मनात मात्र निम्मी घरं हे शब्द फिरत राहिले. दिव्यांची खेप तर सगळ्या घरांत एकच होती.

मी फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले. आई पुरण वाटत होती. अधिकाचे धोंडे जावयाला करतात, तिला जावई नाही, म्हणून ती दरवेळी ते करून वॉचमनला देते आणि मला ऐकवते.

"आई, आणखी किती जणींनी केलंय हे?"

"काय?"

"चंद्र झाकलाय."

"मला काय म्हाइत? लोकांच्या घरात मी बघाय जातो व्हय?"

"तुमचा तो ग्रुप आहे ना फोनवर. मीठ किती घालायचं विचारता तो."

"त्यात मिठाचंच बोलतो आमी."

मी अर्धा तास विचारत राहिले. आईनं पुरण वाटलं, कणीक मळली, धोंडे वळले, तळले, पण तोंड उघडलं नाही. शेवटी मी स्कूटर काढून कागलला गेले, शिरगाव्यांच्या घरी; त्यांच्याकडेही केंद्राचं प्रवाळ आहे. शिरगावेकाकूंनी मला पाणी दिलं, चहा दिला, नातवाची दहावीची टक्केवारी सांगितली आणि आमच्याकडे चंद्र अगदी व्यवस्थित आहे बरं का, असं मी न विचारताच सांगितलं. मी हॉलमध्ये डोकावले. त्यांच्या चंद्रावर श्रीखंडाचा रिकामा डबा होता.

घरी परत आले तेव्हा मी इतकी चिडले होते की चप्पल काढायचीही विसरले.

"काल मी एवढी बोलले. एकटीनं ऐकून घेतलंस. बाकीच्याही होत्या हे सांगायला काय झालं होतं?"

"नियम हाय न्हवं तुमचा," आई म्हणाली. "दिव्याला हात लावला की प्रवाळ काढून नेणार. मला बोललीस, ठीक हाय, मी तुझी आई हाय. त्यांच्या घरातनं तू पोरं उचलून नेली असतीस. शिरगावेबाई तर त्याच्याशी बोलत बसत्यात दिवसभर. दुसरं कोण हाय त्यांच्याजवळ बोलाय?"

मी चप्पल काढली. राग होताच, तो कमी झाला नव्हता, पण आता तो नेमका कुणावर काढायचा हे ठरेना. आम्ही कुळं मोजली होती, दिव्यांचे रंग मोजले होते, पाण्यातला चुना मोजला होता. ज्यांच्या हॉलमध्ये हे सगळं ठेवलं, त्या बायका कुठल्या महिन्यात काय करतात आणि काय करत नाहीत, हे कुणालाच विचारावंसं वाटलं नव्हतं. मी तर याच घरात वाढले होते. अधिक महिन्यात आमच्याकडे नवी साडीसुद्धा नेसत नाहीत.

आणि मग मला खाली बसावं लागलं, कारण दुसरी गोष्ट लक्षात आली. चंद्र दिसला नाही तर पिकलेलं प्रवाळ पुढच्या पौर्णिमेची वाट पाहतं. समुद्रात ढगाळ हवेत असं होतं. पुढच्याही पौर्णिमेला जमलं नाही तरच ते बीजांडं पुन्हा अंगात जिरवून टाकतं. म्हणजे या निम्म्या घरांतली सगळी प्रवाळं आता एकाच पौर्णिमेची वाट पाहत थांबली होती. पोवळी एकटी नव्हती. नेमून दिलेला जोडीदार गेला होता, पण मांडवात बाकीचे बरेच जण होते.

फक्त गाडी आली नाही पाहिजे.

मी उमराणींना फोन लावला. खोटं बोलायचं तर दिव्यांवर ढकलता आलं असतं, पण मग त्यांनी दिवे नेले असते.

"सर, दिवे ठीक आहेत. वाट्या आहेत."

"काय आहेत?"

"वाट्या. डबे. चंद्रावर झाकलेले. अधिक महिना आहे म्हणून."

त्यांनी एकदा, मला ऐकू येईल असा, श्वास घेतला. मग ते सुरू झाले. पंधरा वर्षांचं काम, विज्ञान, जबाबदारी, नियम. नियम त्यांनी तीनदा म्हटला. सगळी घरं रद्द करा म्हणाले.

"करू या," मी म्हणाले. "पण निज पौर्णिमा होऊन गेल्यावर. तोवर एकाही घरात कुणी हात लावायचा नाही."

"आणि नाही झालं तर?"

"तर मालवणचं कुळ संपलेलं असेल सर. मग मला रद्द करा. मला तिथं राहायचंही नाही."

 "तुमच्या आईंना सांगा," ते म्हणाले, "पौर्णिमेपर्यंत." आणि फोन आपटला.

अमावास्या उलटली तशी आईनं ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकला, "बायांनो, निज लागला. काढा आता." दहा मिनिटांत उत्तरं. कुणी वाटी काढली, कुणी टोपी, एकीनं नवऱ्याचा मोजा. मी ते ऐकून डोकं धरलं.

मग वाट पाहणं. मी आईकडेच राहायला आले. दुपारी बाराला रात्र, रात्री बाराला दिवस, झोपेचं खोबरं झालेलं, आणि पांढरी पट्टी रोज थोडी वर. फांदीचं वरचं टोक तेवढं अजून तपकिरी होतं. आई अंधारात खुर्ची टाकून बसायची. एकदा मी म्हणाले, जरा पड, मी बघते. ती हलली नाही.

"तुझ्या वेळी मी लई मुहूर्त बघितले," ती अचानक म्हणाली. "हा महिना नको, तो नको, गुरूचं बळ न्हाई. तवर तू समुद्रात गेलीस."

"मी त्यामुळे नाही गेले, आई. मला जायचंच होतं."

"म्हाइत हाय. तरी वाटतंयच की."

मला त्या वेळी खूप वैताग आला. सगळं बोलणं शेवटी तिथंच यायचं. पण ती माझ्याकडे बघून बोलत नव्हती, टाकीकडे बघून बोलत होती, म्हणून मी दुसरी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

पौर्णिमा आली. या वेळी चंद्र हॉलच्या भिंतीवर निळसर हलत होता. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळला, दोन-अडीच तासांत ग्रुपवर आवाज यायला लागले. शिरगावेकाकूंचा आधी. "सुटलं गं, सुटलं! मण्यावर मणी!" मग हुपरीहून. मग राजारामपुरीतून. केंद्रानं कॉलेजातल्या प्रयोगशाळेत टब मांडून ठेवले होते, एकेक बादली तिकडे निघाली. आमच्याकडे फांदी तशीच. त्यांच्या बादल्यांची मुदत चालू झाली होती आणि आमची सुरूच झाली नव्हती.

"का न्हाई हुईना?" आई म्हणाली.

"माहीत नाही."

"शिकलीस की एवढं."

"आई, मला माहीत नाही!" मी ओरडले. मला रडू यायला लागलं होतं आणि त्याचाही राग येत होता. उद्या झालं तर काय उपयोग, सगळे संपलेले असणार.

आई खुर्चीवरून उठली, टाकीच्या काचेजवळ तोंड नेलं आणि कडक आवाजात म्हणाली, "बास झालं नखरं. सगळी खोळंबल्यात."

तिच्या बोलण्यानं झालं असं मी म्हणणार नाही. मी शास्त्रज्ञ आहे. म्हाताऱ्या, आजारी वसाहती नेहमीच उशिरा सोडतात. पण लाल उजेडात वरच्या टोकाशी काहीतरी बारीक गुलाबी चमकलं. प्रत्येक जिवाच्या तोंडाशी एकेक मणी येऊन बसला, मोहरीएवढा, आणि तिथंच थांबला.  मग पहिला सुटला, सरळ वर गेला. मग दुसरा. मग एकदम सगळे, वरच्या तपकिरी टोकाकडून जेवढे उरले होते तेवढे सगळे.

पाण्याच्या तोंडाशी गुलाबी थर जमला. मी पेल्यानं उचलत होते, आई बादली धरून उभी होती आणि मला "हळू, हळू" म्हणत होती. मी "धर नीट" म्हणत होते. फार मणी नव्हते. पण पुरतील एवढे होते.

खाली हॉर्न वाजला. मगदूमकाका गाडी घेऊन आले होते, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आईनं फोन केला असणार. त्यांच्या प्रवाळाचं सगळं बेसिनमध्ये गेलं होतं आणि तरी ते आले होते.

मी बादली उचलून दाराबाहेर पडले. आई मागून आली, तिनं करंडा आणला होता. बादलीच्या झाकणाला हळद लावली, कुंकू लावलं. मला घाई होती, तरी मी थांबले. लावून झाल्यावर तिनं झाकणावर हात ठेवला तो उचलेना. आणि मग ती रडायला लागली. मुसमुसून वगैरे नाही, मुलगी सासरी जाताना आया रडतात तशी, तोंड उघडं टाकून, शेजारच्यांनी दार उघडून बघावं इतकी.

"आई, बादली आहे ती."

"मला कळतंय बादली हाय ते," ती रडतच म्हणाली.

असं रडताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. बाबा गेले तेव्हासुद्धा नाही. आणि मला कळलं की हे रडणं तिनं माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. कितीतरी वर्षं. मांडवाच्या दारात, मी शालू नेसून उभी असताना, ती असंच रडणार होती. मी ती वेळ तिच्यावर येऊ दिली नाही, आणि ती त्या वेळेची एवढी वाट पाहत होती हे मला कधी कुणी सांगितलंही नाही. मला राग यायला हवा होता. गेला सबंध महिना मी फक्त रागावलेच होते. पण आला नाही. 

मी बादली जिन्यात खाली ठेवली आणि आईला मिठी मारली. ती लहानखुरी आहे, माझ्या खांद्याला लागते. तिच्या केसांना टाकीतल्या मिठाचा वास येत होता. मीही रडले, मोठ्यानं रडले. खाली मगदूमकाका हॉर्न देत राहिले.

आईनं आधी डोळे पुसले. मग माझ्या दंडाला धरून मला बाजूला केलं.

"आता उचल ती," ती म्हणाली. "उशीर हुतोय तिला."